वारसा मान्य, वारस अमान्य : ड्रॅगनच्या दाढीसाठी एक खुलं पत्र

प्रति,
हाँगकाँगच्या अमूर्त वारशाची यादी करणारे आणि फेरीवाल्यांचे परवाने बघणारे, अशा दोन्ही टेबलांवरचे अधिकारी

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजी आणि चिनी भाषांतर तुमच्याकडे वेगळं येईल, ते काम माझ्या लेकीने अंगावर घेतलंय. पण मला इंग्रजीत नीट चिडता येत नाही. लिहायला बसलं की मजकुराची निविदा सूचना होते. शिवाय हे चार मराठी माणसांनीही वाचावं अशी इच्छा आहे. दर डिसेंबरात आमच्याकडे पुण्या-मुंबईहून पाहुणे येतात, डिस्नेलँड आणि मोठा बुद्ध उरकतात आणि निघताना विचारतात, "इथलं खास काय न्यावं?" ज्याचं नाव मी घेते ते नेता येत नाही. आता तर चौकात उभं करून दाखवताही येत नाही.

विषय आहे लुंग-सौ-थोंग. कँटोनीजमध्ये लुंग म्हणजे ड्रॅगन, सौ म्हणजे दाढीमिशा आणि थोंग म्हणजे साखरेची मिठाई. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा लांबचा भाऊ समजा. फक्त म्हातारीचे केस यंत्र फिरवून निघतात आणि ड्रॅगनची दाढी माणूस दोन हातांनी ओढून काढतो. आमचे पाहुणे पहिल्या घासाला हमखास "अरे, ही तर सोनपापडी" म्हणतात. नाही हो. सोनपापडीत बेसन आणि तूप असतं, ती डब्यात महिनोन्महिने राहते आणि दिवाळीला या घरातून त्या घरात फिरत राहते. या मिठाईचं आयुष्य तळहातावरच्या काही मिनिटांचं.

मी 19 वर्षांपूर्वी हाँगकाँगच्या याऊ मा तेई या वस्तीत राहायला आले, तेव्हा आमच्या चौकात, सुक्या मुळ्या-पाल्याच्या औषधांच्या दुकानाशेजारी एक सीफू बसायचे. सीफू म्हणजे उस्ताद. इथे टॅक्सीवाल्यापासून सुतारापर्यंत, हातात कसब असलेल्या प्रत्येकाला सीफू म्हणतात. मला ते 'थाय-थाय' म्हणायचे. बाईसाहेब आणि वहिनी यांच्या मधलं काहीतरी. समोर काचेची पेटी, पेटीत भाजलेल्या चिकट तांदळाच्या पिठाचा ढीग आणि त्या पिठात पुरलेल्या, मोठ्या पेढ्याएवढ्या, घट्ट, मधाच्या रंगाच्या चकत्या. पाक पहाटे घरी आटवून थंड करून आणलेला असायचा.

गिऱ्हाईक उभं राहिलं की सीफू एक चकती उचलायचे आणि थालीपीठाला पाडतो तसं तिच्या मधोमध भोक पाडायचे. मग बोटांनी फिरवत फिरवत तिचं कडं. कडं बांगडीएवढं, मग हाराएवढं झालं की पिठात लोळवून त्याला पीळ द्यायचा आणि दुमडायचं. एका कड्याची झाली दोन. पुन्हा ओढ, पीठ, पीळ, दुमड. चार. आठ. सीफू मोठ्याने मोजायचे आणि भोवतीची पोरं त्यांच्याबरोबर ओरडायची. दहाव्या दुमडीला 1,024 धागे. तेराव्याला 8,192. चौदाव्याला 16,384, आणि तिथे ते बहुतेक थांबायचे. माझ्या मुलीला दोनाचे घात शाळेच्या आधी या पेटीपाशी कळले.

बघताना हे जादूसारखं दिसतं, पण सगळी मेख ओढीत आहे. ओढ सगळीकडून सारखी हवी. कुठे हात आखडला की ती बाजू जाड राहते आणि पुढच्या प्रत्येक दुमडीत ती चूक दुप्पट होते. घाई केली की धागा तुटतो, आणि तुटलेला धागा या खेळात जोडता येत नाही. पीठ कमी पडलं तर धागे एकमेकांना धरतात, जास्त झालं तर तोंडात पीठच येतं. शेवटी पांढऱ्या लडीचा बोटभर तुकडा तोडायचा, त्यात सारण घालायचं आणि रेशमाच्या कोशासारखी गुंडाळी करून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायची. सारण काय? दाण्याचं कूट, तीळ, सुक्या खोबऱ्याचा कीस, साखर. ही यादी ऐकून कुठल्याही मराठी बाईला घरचीच ओळख पटेल. "खा, लगेच खा," सीफू म्हणायचे. डबा मागणाऱ्याला ते डबा द्यायचे, पण तोंड वाकडं करून.

आणि त्यांचं बरोबर होतं. मार्च-एप्रिलात इथे दक्षिणेकडून दमट वारा सुटतो, भिंतींना घाम येतो, वाळत घातलेले कपडे तीन दिवस ओलेच. त्या हवेला कँटोनीजमध्ये वुई-नाम-थिन म्हणतात. त्या दिवसांत सीफू पेटी उघडतच नसत. ही साखर हवेतलं पाणी ओढून घेते, धागे सादळतात आणि सोळा हजार केसांचा बघता बघता पुन्हा एक गोळा होतो. आपल्याकडे पावसाळ्यात पापड सादळतो त्याच्या शंभरपट वेगाने.

ही हवामानाची माहिती मी उगाच देत नाही. माझं सगळं म्हणणं यातच आहे. चिनी मातीचं भांडं कारखान्यात घडतं आणि दुकानात विकलं जातं. ड्रॅगनच्या दाढीत बनवणं आणि विकणं या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत. गिऱ्हाइकासमोर ओढायची, त्याच्या हातात ठेवायची, त्याने तिथेच खायची, एवढंच ते कसब. खोक्यात भरून विकणारी दुकानं शहरात आहेत, ती टिकोत. पण खोक्यातली दाढी खाल्लेल्या माणसाला 'हे काय मोठं' असं वाटलं तर त्याचा दोष नाही. रस्ता काढून घेतला की ही कला अपुरी होत नाही, ती उरतच नाही.

आता तुमच्या दोन टेबलांबद्दल.

2014 मध्ये एका टेबलाने हाँगकाँगच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाची, म्हणजे वास्तू-वस्तूंची नव्हे तर कसबं आणि चालीरीतींची, पहिली यादी जाहीर केली. 480 बाबी. त्यात ड्रॅगनची दाढी बनवण्याचं कसबही आहे. युनेस्कोच्या ज्या 2003 च्या करारावर ही यादी उभी आहे, त्यात अमूर्त वारशाची व्याख्याच मुळी अशी आहे की तो एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहतो. उत्तम. दुसऱ्या टेबलाचं धोरण याहून बरंच जुनं : 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, नवीन फेरीवाला परवाना द्यायचा नाही. फिरत्या विक्रीचा परवाना बापाकडून लेकाकडे जात नाही, मग गुरूकडून चेल्याकडे कुठून जाणार? धनी थकला की परवानाही थकला.

मराठीत 'वारसा' आणि 'वारस' या दोन शब्दांत एका कान्याचा फरक आहे. तुमच्या इमारतीत दोन मजल्यांचा असावा. एका मजल्यावर वारसा मान्य झाला, दुसऱ्या मजल्यावर वारस अमान्य झाला, आणि दोघांचीही फाइल नीट लागलेली आहे.

तुमची बाजू मला अजिबात कळत नाही असं नाही. 30 नोव्हेंबर 2011 ला पहाटे मोंगकॉकच्या फा युएन स्ट्रीटवर टपऱ्यांना आग लागली आणि नऊ माणसं गेली. वरच्या मजल्यांवर झोपलेली माणसं होती ती. त्यानंतर 2013 पासून तुम्ही पाच वर्षांची योजना राबवली, टपऱ्या आगीला दाद न देणाऱ्या करून घ्यायला पैसे दिले आणि परवाना परत करणाऱ्याला 1,20,000 हाँगकाँग डॉलर देऊ केले. त्यावर माझा राग नाही. जिन्याच्या तोंडाशी रॉकेल आणि कपड्यांचे गठ्ठे कुणालाच नकोत.

पण या पेटीत विस्तव नसतो. एवढं एक वाक्य तरी लाल शाईने अधोरेखित करा. पाक घरी आटवला जातो. चौकात येते ती थंड चकती, पीठ आणि दाण्याचं कूट. गॅसची टाकी नाही, कढई नाही, तेल नाही, धूर नाही. जागा लागते ती एका माणसाला बसायला आणि सात-आठ पोरांना भोवती दाटीने उभं राहायला. स्वच्छतेचं म्हणाल तर पेटीचं माप ठरवा, हात कसे आणि कितीदा धुवायचे ते सांगा, पाक कुठे आटवतात ते स्वयंपाकघर तपासा, महिन्याला एक फेरी मारा. कुणी नाही म्हणणार नाही. ज्या आगीच्या भीतीने टपऱ्यांवर नियम आले, ती भीती या पेटीला लावणं म्हणजे विहिरीच्या भीतीने घागर फोडणं.

दुसरं, पैसे. 2018-19 च्या अर्थसंकल्पात तुम्ही अमूर्त वारशासाठी 30 कोटी हाँगकाँग डॉलर वेगळे काढलेत. त्यातून पुस्तिका निघतात, प्रदर्शनं भरतात, कार्यशाळा होतात. अशाच एका कार्यशाळेला मीही गेले होते. तीस खुर्च्या, प्रत्येकापुढे पिठाचं ताट आणि एक चकती, वेळ दीड तास. माझं कडं चौथ्या दुमडीला तुटलं, शेजारच्या मुलाचं पाचव्या. आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, कपड्यांवरचं पीठ झटकलं आणि घरी आलो. मी सीफूंना विचारलं, हात बसायला किती दिवस लागतात? ते म्हणाले, दिवस नाही, चकत्या मोज, हजार चकत्या. मग मी मनाशी हिशेब केला. शिकणाऱ्याच्या हजार बिघडलेल्या, जाडबारीक, अर्ध्यात तुटलेल्या चकत्या कोण खाणार? अनुदान खात नाही. प्रदर्शनाचा पाहुणा तर मुळीच नाही, त्याला उस्तादच हवा. शिकाऊ हाताचा माल पूर्वी रस्त्याने खाल्ला. गिऱ्हाइकाने दोन डॉलर कमी दिले, एक टोमणा मारला, पण खाल्ला. इथल्या सगळ्या सीफूंची फी रस्त्याने अशीच भरलेली आहे.

2017 मध्ये तुम्ही वीस बाबींची प्रातिनिधिक यादी केली. त्यात हाँगकाँगचा दूध-चहा बनवण्याचं कसब आहे. मला तो चहा प्रिय आहे, आपल्या टपरीवरच्या कडक चहाला तोच काय तो तोडीस तोड आहे. पण त्याला यादीची गरज नाही. सकाळी सातला दुकानात रांग असते, पोरगा बापाच्या हाताखाली कापडी गाळणीतून चहा गाळत उभा असतो. जिथे रांग आहे आणि हाताखाली पोरगा आहे, तिथे वारसा आपला आपण चालतो.

चेंगदूला आम्ही एकदा गेलो होतो. तिथली साखरेची चित्रकला 2008 मध्ये चीनच्या राष्ट्रीय यादीत आली. कारागीर संगमरवरी लादीवर पळीतून पातळ पाक सोडत सोडत पक्षी, मासा, ड्रॅगन काढतो आणि तो थिजायच्या आत काडी चिकटवून उचलतो. आधी आपण चकतीवरचा बांबूचा काटा फिरवायचा. काटा ड्रॅगनवर थांबला तर त्याच पैशांत भलामोठा ड्रॅगन. माझा थांबला पीचवर. ती गल्ली पर्यटकांसाठी रंगवून ठेवलेली आहे, हे मलाही दिसलं, आणि मला अशा गल्ल्या फारशा आवडत नाहीत. पण गिऱ्हाईक खरं होतं, पैसे खरे होते, आणि एक विशी-बाविशीची मुलगी पळी धरून शिकत होती. सिंगापूरने तर आपली फेरीवाला-संस्कृतीच 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत नेली. त्यांनी फेरीवाले छपराखाली आणले, रस्ता तिथेही संपलाच म्हणा. तरी विकायची जागा ठेवली.

आमच्या देशाचं उदाहरण देताना मला जरा चाचरायला होतं. योगायोगाने 2014 मध्येच भारतात पथविक्रेत्यांचा कायदा झाला. विक्रेता वारला किंवा कायमचा अपंग झाला, तर जोडीदाराला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या मुलाला प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत धंदा चालवता येतो, अशी त्यात तरतूद आहे. अंमलबजावणीचं विचाराल तर दादर स्टेशनबाहेर दहा मिनिटं उभं राहून बघा, मी काय बोलू? पण निदान कागदावर वारसाला जागा आहे.

साखरेच्या बाबतीत तुमचे पूर्वज याहून शहाणे होते. ही मिठाई ज्या माल्टोजची, ती मोडाची साखर. गव्हाला किंवा सातूला मोड आणायचे, ते ठेचून वाफवलेल्या चिकट भातात कालवायचे आणि उबेला ठेवायचे. मोडातली विकरं भातातल्या पिष्टाची साखर करतात, मग पिळून काढलेला रस आटवत बसायचं. चीनमध्ये ही साखर फार जुनी. अडीच हजार वर्षांहून जुन्या चिनी कवितेत एका सुपीक पठाराचं कौतुक असं केलंय की तिथली कडू भाजीसुद्धा मोडाच्या साखरेसारखी गोड लागते. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात चुलीचा देव घरच्यांच्या चहाड्या सांगायला स्वर्गात जातो, तेव्हा त्याला अशीच चिकट साखर देतात : गोड बोलावं, नाहीतर निदान दात चिकटून बसावेत. तिळगूळ देऊन 'गोड बोला' म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. (तुम्हालाही पाठवली असती, पण इथले लाचलुचपतीचे कायदे कडक, आणि पोचेपर्यंत ती सादळलीही असती.)

उसाच्या साखरेची गोष्ट वेगळी. चीनच्या थांग राजघराण्याच्या इतिहासात नोंद आहे की 647 मध्ये मगधाचे दूत दरबारी आले आणि सम्राट थायत्सुंगने साखर आटवण्याची रीत शिकायला आपली माणसं मगधाला पाठवली. मग यांगचौहून ऊस मागवून त्या रीतीने रस आटवला. आज बरेच कारागीर माल्टोजच्या पाकात थोडी उसाची साखर घालतात, म्हणजे त्या चकतीत थोडं मगधही आहे. सम्राटाने मगधाच्या साखरेचं नाव यादीत लिहून दरबारात टांगलं नाही. शिकायला माणूस धाडला.

आमच्याकडे तो माणूस तयार आहे. सीफूंच्या बहिणीचा नातू, वय 29, क्वाय छुंगच्या एका गोदामात कामाला. सीफूंच्या गुडघ्यांनी दोन हिवाळ्यांपूर्वी संप केला, तेव्हापासून ते चौकात येत नाहीत. त्यांची खोली एवढी लहान की पेटी उघडली तर दार उघडत नाही. म्हणून हा मुलगा रविवारी आमच्या ओट्यावर हात बसवतो आणि सीफू खुर्चीवर बसून नुसतं "हळू, हळू" म्हणतात. तेराव्या दुमडीपर्यंत तो आता न तुटता जातो. चौदावीला अजून दर तिसऱ्या खेपेला गडबड होते. बिघडलेला माल आमच्या मजल्यावरची पोरं खातात, पण तीही आता कंटाळलीत. मी त्याला विचारलं, परवाना मिळाला तर गोदाम सोडशील? त्याने लगेच हो म्हटलं नाही, हे मला आवडलं. म्हणाला, आधी शनिवार-रविवार बसेन, भाडं सुटतं का बघेन.

म्हणून मागणंही तेवढंच ठेवते. अख्ख्या शहरासाठी दहा परवाने काढा. ते माणसाला नव्हे, कसबाला जोडा, म्हणजे उस्ताद थकला तरी परवाना त्या कसबाकडेच राहील. त्यावर उस्तादाच्या नावाखाली शिकणाऱ्याचंही नाव घाला आणि त्याला उस्तादाच्या गैरहजेरीत बसू द्या. चालत असेल तर आधी फक्त शनिवार-रविवार. जागा तुम्हीच सुचवा. उद्यानाचं फाटक, मेट्रोच्या दारापासून थोडं बाजूला, कुठेही, पण जिथे माणसं मुद्दाम येत नाहीत, जाता जाता थांबतात अशी. दहातले एक-दोन छिन्नी-हातोडीने 'डिंग डिंग' करत कडक साखर फोडणाऱ्यांना दिलेत तर फारच छान, तो आवाज ऐकूनही मला बरीच वर्षं झाली.

ऑक्टोबर संपत आला की इथली हवा कोरडी पडू लागते. तिथून फेब्रुवारीपर्यंत साखर ओढायचे दिवस, पुढे वुई-नाम-थिन. उत्तर त्या हिशेबाने कळवावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
याऊ मा तेईची एक मराठी रहिवासी

ता. क. सीफूंची काचेची पेटी सध्या आमच्या बैठकीत टीव्हीखाली आहे. लांबी 60 सेंटिमीटर, रुंदी 40. जागेचं माप ठरवताना उपयोगी पडेल म्हणून कळवते.